वाटसरू, वाडा आणि ऊस
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)

आदरणीय गुरुजन आणि दहावीच्या बाकावरून थेट पन्नाशीत येऊन टेकलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला आवडीच्या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. माझ्या आवडीचा विषय म्हणजे कमी पैशातले भुताचे सिनेमे, त्यातही वाटसरू संकटात सापडतात ते. मागच्या रांगेत हसू फुटलेलं दिसतंय. हसा. पण तंबूत ‘पुराना मंदिर’ बघून अंधारातून घरी जाताना कोण कोणाचा हात धरून चाललं होतं, त्याची नावं मी आज सरांसमोर घेत नाही.

हे सिनेमे काढणारे रामसे बंधू म्हणजे सात भाऊ. कोणी लेखन करायचं, कोणी कॅमेरा, कोणी आवाज, कोणी संकलन. दिग्दर्शन तुलसी आणि श्याम यांच्याकडे. १९७० साली वडिलांनी काढलेला ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतात, तेवढा प्रसंग लोकांना आवडला. भावांनी तो धागा पकडला. १९७२ साली सगळं घरदार घेऊन ते महाबळेश्वरला गेले आणि ‘दो गज जमीन के नीचे’ करून आले. ‘पुराना मंदिर’ १९८४ चा. त्यातला सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल हे रुडकीला शिकलेले इंजिनियर होते. म्हणजे आपण एका इंजिनियरला घाबरत होतो!

गोष्ट बहुतेक ठरलेली. चार तरुण, एक गाडी, कलती सांज. गाडी बंद पडते आणि लांब एका वाड्यात दिवा दिसतो. पैसा नसणाऱ्याला ही गोष्ट परवडते. अंधार फुकट असतो, पडका वाडा स्वस्तात मिळतो. पण नुसत्या स्वस्ताईने लोक तिकीट काढत नाहीत. मला वाटतं, या सिनेमातली खरी भीती भुताची नसतेच. आपल्या गावात ओरडलं तर शेजारी धावून येतो. परक्या मुलखात ओरडलं तर कोण येणार? मांजरसुंब्याच्या घाटात रात्री एसटी बंद पडली की आपल्यालाही हाच प्रश्न पडायचा. सिनेमात फक्त तो दीड-दोन तास ताणलेला असतो, आणि शेवटी दिवे लागतात.

आपल्या जिल्ह्यात मात्र हा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. आठवा, दिवाळीनंतर आपल्या वर्गातले कितीतरी बाक रिकामे व्हायचे. घरच्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असायची. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यांच्यामागे पोरंही जायची. परक्या गावाच्या शिवारात कोपी टाकायची, दाराऐवजी गोणपाट लावायचं. रात्री-अपरात्री ट्रक आला की भरायला उठायचं. आपल्या त्या मित्रांना भुताचा सिनेमा बघायला तंबूत यायची गरजच नव्हती.

म्हणूनच २०१७ साली आलेला विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ मला परका वाटला नाही. दिवस भरत आलेली नेहा आणि कर्जाच्या तगाद्याने पळालेला तिचा नवरा उसाच्या फडातल्या एका घरात आसऱ्याला येतात. चारी बाजूंनी डोक्यावरून गेलेला ऊस. बाहेरची वाट सापडत नाही. पूजा सावंत आणि उषा नाईक या दोघींनी तो सिनेमा तोलून धरलाय. पुढे त्याच दिग्दर्शकाने २०२१ मध्ये तो हिंदीत ‘छोरी’ नावाने केला. तिथे पोरांचा खेळण्याचा आवाज येतो आणि अंगावर काटा येतो. पण नेहाला धोका असतो तो, मुलगी नको म्हणणाऱ्या जित्या माणसांचा.

आता एक आकडा सांगतो. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या ८०७, राज्यात सगळ्यात कमी. वर्गात चाळीस मुलं असतील तर मुली बत्तीस. आपल्या शाळेच्या हिशेबाने मांडलं की ते रिकामे बाक डोळ्यांसमोर येतात. ऊस तोडायला गेलेली पोरं पाडव्यापर्यंत परत यायची. या परत येणार नाहीत.

सिनेमातल्या वाटसरूसाठी आपण काही करू शकत नाही. खुर्चीत बसून “अगं, ते दार उघडू नको” एवढंच ओरडतो. इथे तसं नाही. मायबाप फडावर गेले तरी पोरांना गावातच आजी-आजोबांजवळ राहून शिकता यावं, म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय आहे. आपल्या गावात ती वेळेवर सुरू होते का, जेवण नीट मिळतं का, सातवी-आठवीतल्या मुलींची नावं त्यात आहेत का, हे बघायला आपल्यातली गावात राहणारी चार माणसं पुरेत. बाहेरगावी असणाऱ्यांनी मेळाव्याच्या निधीतली शिल्लक त्यांच्या हाती द्यावी, एवढीच माझी सूचना आहे.

दहा मिनिटं झाली. बाई घड्याळाकडे बघताहेत, आणि त्यांची भीती मला सामरीपेक्षा जास्त वाटते. म्हणून थांबतो. नमस्कार.