हमालाचा मालक कोण?



औंढा नागनाथ तालुक्यातलं जवळा बाजार हे माझं गाव. नावातच बाजार, तेव्हा हमाल आलेच. माझ्या भाईजानांनी तीस वर्षं हमाली केली. सकाळी एका आडतीवर हळदीची पोती, दुपारी दुसरीकडं सोयाबीनची. माझं बी.ए. त्यांच्याच पाठीवर झालं.

२००९ साली त्यांचा मणका सरकला. दवाखान्यातल्या मुलीनं फॉर्म भरताना विचारलं, "मालकाचं नाव?" भाईजान माझ्याकडं बघू लागले. किती नावं सांगणार? रकाना कोरा राहिला. एक म्हैस आणि भाभींच्या पाटल्या विकून बिल भागवलं.

आपल्याकडं आजारपणाची हमी नोकरीला बांधली गेली. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ चा. कायदा चांगलाच आहे. आज मालक पगाराच्या ३.२५ टक्के भरतो, कामगार ०.७५ टक्के; त्यात तपासणी, औषधं, ऑपरेशन, आजारी रजेचा काही पगारही मिळतो. माझा भाचा वाळूजच्या कारखान्यात होता तोवर त्याच्याकडं राहणाऱ्या आपाची शुगरची औषधं त्याच कार्डावर यायची. कंत्राट संपलं, काही महिन्यांनी कार्डाची मुदतही सरली. आपाची शुगर मात्र तशीच राहिली.

यावर महाराष्ट्रानं १९६९ सालीच एक तोड काढली होती, माथाडी कायद्याची. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र करून जो लढा दिला, त्याचं ते फळ. व्यापारी अनेक, पण मंडळ एक. मजुरीवर लेव्ही मंडळाकडं जमा होते आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी मिळते. आडत बदलली तरी नोंद बदलत नाही. अर्थात, ज्याची नोंद झाली त्याला. भाईजानांची झाली नाही. त्यांचा अर्ज मी लिहायचा होता. राहून गेला. कविता तेवढ्या वेळेवर लिहिल्या.

नंतर सरकारी योजना आली. २०१२ मध्ये ती राजीव गांधींच्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली, २०१७ मध्ये महात्मा फुल्यांच्या नावानं चालू लागली. २०२३ मध्ये सरकारनं ती सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू करायचं ठरवलं. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. रेशनकार्ड मालकाचं नाव विचारत नाही, ही मोठीच गोष्ट झाली. पण यादीतल्या आजारासाठी दाखल व्हाल तर योजना. रोजची शुगरची, बीपीची गोळी त्यात बसत नाही. आणि ती गोळी चुकली की माणूस शेवटी दाखल होण्याच्याच वाटेला लागतो.

मला वाटतं, माथाडीची लेव्ही आणि रेशनकार्ड यांची गाठ घालावी. बाजारात हमाली, तोलाई पोत्यावरच मोजतात. तिथंच हमालाच्या औषधाचे चार पैसे धरावेत, खरेदीदाराकडून. शेतकऱ्याच्या पट्टीतून कापू नयेत. गोळ्या गावच्या आरोग्य केंद्रात, रेशनकार्डावर मिळाव्यात.

भाईजान हल्ली बीपीची गोळी दिवसाआड घेतात. परवा मी रागावलो, तर म्हणाले, "तुझी ती पाच लाखांची योजना या एका गोळीला चालते का, तेवढं विचारून ये."