होनोलुलूस न पडलेला पाऊस

कोरियन भाषेंत 'बी' ह्या एकाक्षरी शब्दाचा अर्थ पाऊस असा आहे. जंग जी-हून नांवाच्या एका तरुण गायकानें रंगमंचावर वावरण्यासाठीं हेंच नांव घेतलें, आणि परदेशांत त्याचें इंग्रजी रूप 'रेन' हें रूढ झालें. इ. स. २००७ च्या जून महिन्यांत हा पाऊस प्रशांत महासागर ओलांडून अमेरिकेंत जावयाचा होता. हवाई बेटांतील होनोलुलू, मग अटलांटा, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिस अशीं शहरें ठरलीं होतीं. ह्यांपैकीं एकाहि शहरीं त्याचा प्रयोग झाला नाहीं.

श्रोतेहो, प्रयोग रद्द होणें ही कांहीं अपूर्वाईची गोष्ट नव्हे. गायकाचा घसा बसतो, वादळ येतें, रोगाची साथ येते. २०२० सालीं महामारीनें जगांतील बहुतेक सभागृहांना कुलुपें लाविलीं, तेव्हां त्याबद्दल कोणीं गायकांना बोल लाविला नाहीं. परंतु हें प्रकरण निराळें होतें. तें पुढें न्यायालयांत गेलें, आणि गाणारा व ऐकणारा ह्यांच्यामध्यें किती हात असतात हें त्या निमित्तानें उघड झालें.

जी-हूनचा जन्म २५ जून १९८२ रोजीं सेऊल येथें झाला. सोळा वर्षांचा असतांना तो मुलांच्या एका गानसंचांत शिरला होता. तो संच चालला नाहीं. २००० सालीं त्याची आई मधुमेहानें वारली. ह्याच सुमारास पार्क जिन-यंग ह्या संगीतकारानें त्याला आपल्या संस्थेंत, म्हणजे जे. वाय. पी. एंटरटेनमेंटमध्यें, घेतलें. तेथील शिक्षण म्हणजे एक प्रकारची तालीमच. नाच, गाणें, बोलणें, आहार, सारें कांहीं कंपनीच्या देखरेखीखालीं. २००२ सालीं त्याचा पहिला गीतसंग्रह निघाला. २००४ सालीं 'फुल हाऊस' ही त्याची दूरचित्रवाणीवरील मालिका गाजली व तिच्या पाठोपाठ त्याचें नांव सबंध पूर्व आशियांत पसरलें.

अमेरिकेनें मात्र त्याच्याकडे जरा कुतूहलानें, जरा थट्टेनें पाहिलें. २००६ च्या फेब्रुवारींत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील नाट्यगृहांत त्यानें दोन रात्रीं प्रयोग केले. प्रेक्षागार भरलें, परंतु टीकाकारांनीं हात आखडूनच स्तुति केली. त्याच वर्षीं 'टाइम' नियतकालिकानें जगांतील शंभर प्रभावी व्यक्तींत त्याची गणना केली. पुढील वर्षीं त्याच नियतकालिकानें वाचकांचीं मतें मागविलीं, तेव्हां त्याला सर्वांत अधिक मतें पडलीं, आणि दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या स्टीफन कोल्बेर ह्या विनोदी नटानें दूरचित्रवाणीवर त्याची नक्कल करून सूड उगविला! हें सारें हंसण्यावारी नेण्यासारखें होतें. पण ज्याला परक्या देशांत आपलें आसन मांडावयाचें आहे, त्याला अशा हंसण्याचा अर्थ समजतो. डिसेंबर २००६ मध्यें लास व्हेगास व मे २००७ मध्यें टोकियो डोम हीं ठिकाणें त्यानें गाजविलीं, आणि मग अमेरिकेचा मुख्य दौरा यावयाचा होता.

दौऱ्याचें पहिलें ठाणें होनोलुलू असावें ह्यांत औचित्य होतें. १९०३ च्या जानेवारींत उसाच्या मळ्यांत राबण्यासाठीं कोरियन मजुरांची पहिली तुकडी आगबोटीनें ह्याच बंदरांत उतरली होती. अमेरिकेंतील कोरियन वस्तीचा आरंभ येथून धरतात. त्या मजुरांचीं नातवंडें-पणतवंडें तेथें आहेत, शिवाय जपानी, फिलिपिनो व चिनी वंशाचे लोकहि मोठ्या संख्येनें आहेत, आणि कोरियन मालिकांची गोडी ह्या सर्वांना होती. प्रयोगासाठीं पर्ल हार्बरजवळील अलोहा स्टेडियम ठरलें. हें क्रीडागार १९७५ सालीं उघडलें असून त्यांत सुमारें पन्नास हजार माणसें बसत. (२०२० च्या अखेरीस तें प्रेक्षकांसाठीं बंद झालें.) तारीख होती १५ जून २००७.

आतां हा प्रयोग विकला कसा गेला तें पाहण्यासारखें आहे. नाटकधंद्यांत कंत्राटदार काय करतो हें पुष्कळांस ठाऊक असतें: तो कंपनीला ठरीव रक्कम देतो, रात्र आपली करून घेतो, आणि नफा-नुकसान आपल्या शिरावर घेतो. येथें ही सांखळी तीन-चार कड्यांची होती. गायक कंपनीशीं बांधलेला. कंपनीनें सबंध जगाच्या दौऱ्याचे हक्क कोरियांतील दुसऱ्या एका कंपनीस दिलेले. तिच्याकडून अमेरिकेचे हक्क तेथील एका व्यावसायिकानें घेतलेले, आणि त्याच्याकडून केवळ हवाईपुरते हक्क होनोलुलूच्या 'क्लिक एंटरटेनमेंट' ह्या लहानशा कंपनीनें विकत घेतलेले. ह्या शेवटच्या कडीनें पांच लाख डॉलर हक्कापोटीं मोजले होते. त्यावर क्रीडागाराचें भाडें, जाहिराती, तिकिटविक्रीची व्यवस्था हा खर्च वेगळा. प्रत्येक कडी आपल्या वरच्या कडीकडून वचन घेते व खालच्या कडीस तेंच वचन थोडें महाग करून विकते. मूळ वचन पाळणारा मनुष्य एकच, तो म्हणजे गाणारा. परंतु ज्यानें शेवटीं पैसे मोजले त्याची व गाणाऱ्याची कधीं गांठहि पडलेली नसते.

ह्यांत आणखी एक विघ्न उपटलें, आणि तें त्याच्या नांवाचें. बीटल्सचीं गाणीं हुबेहूब म्हणून दाखविणारा 'रेन' नांवाचाच एक वाद्यवृंद अमेरिकेंत पूर्वीपासून होता. आपलें नोंदलेलें नांव हा कोरियन तरुण वापरतो, अशी फिर्याद त्या मंडळींनीं २००७ मध्यें नेव्हाडा राज्यांतील संघन्यायालयांत लावली. पाऊस हा शब्द कोणाच्या मालकीचा असूं शकतो काय, असें एखाद्यास वाटेल. पण व्यापारी चिन्हांच्या कायद्यांत असे प्रश्न गंभीरपणेंच विचारले जातात.

ठरलेल्या तारखेस अवघे कांहीं दिवस उरले असतांना होनोलुलूचा प्रयोग रद्द झाल्याचें जाहीर झालें. कधीं नांवाच्या तंट्याकडे बोट दाखविण्यांत आलें, कधीं रंगमंचाच्या तयारीकडे. हा रंगमंच अवाढव्य होता आणि हवाई हें महासागराच्या मध्यावरील बेट. तेथें अवजड सामान पोंचवावयाचें म्हणजे कित्येक आठवडे आधीं जहाजावर चढविलें पाहिजे. मग अटलांटा, न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्को येथील प्रयोगहि गळाले. मधल्या काळांत, २५ जून रोजीं, गायकाला पंचविसावें वर्ष पूर्ण झालें. उरलें तें ३० जूनचें लॉस एंजेलिस. तेथील स्टेपल्स सेंटर ह्या भव्य क्रीडागाराकडे लोक निघाले होते, कित्येक तर दूरदूरच्या शहरांहून येऊन पोंचले होते, आणि प्रयोगाला कांहीं तासच राहिले असतां तोहि रद्द झाला! तिकिटाचे पैसे परत मिळूं शकतात. पण दोन महिने सांठविलेली हौस, मैत्रिणींसह ठरविलेला प्रवास, दारापर्यंत जाऊन मागें फिरणें, ह्यांची भरपाई कोणत्याच खिडकीवर मिळत नाहीं.

क्लिक कंपनीनें होनोलुलूच्या संघन्यायालयांत दावा लावला. त्याची सुनावणी २००९ च्या मार्च महिन्यांत झाली व खुद्द गायक साक्षीसाठीं त्या न्यायालयांत हजर झाला. ज्या शहरीं तो गावयास येणार होता, त्या शहरीं तो दिसला तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत. त्याच्या बाजूचें म्हणणें असें कीं, प्रयोग रद्द करण्याच्या निर्णयांत त्याचा हात नव्हता. ज्यूरीला तें पटलें नाहीं. गायक व त्याची पूर्वीची कंपनी ह्यांनीं करार मोडला व क्लिकची फसवणूक केली, असा निर्णय ज्यूरीनें १९ मार्च रोजीं दिला. करारभंगाबद्दल सुमारें २३ लाख डॉलर, फसवणुकीनें झालेल्या हानीबद्दल १० लाख, आणि ह्याशिवाय शिक्षेदाखल गायकानें २४ लाख व कंपनीनें २४ लाख द्यावे, असें ठरलें. एकूण रक्कम ८० लाख डॉलरांच्या वर गेली.

शिक्षेची ही समान वांटणी विचार करण्याजोगी आहे. एका बाजूस कंपनी, जिनें मुलगा घडविला, त्याचे करार केले, त्याचे हक्क विकले. दुसऱ्या बाजूस तो मुलगा, ज्याला ती सांगेल तेथें नाचावयाचें. दोघांस एकाच मापानें मोजणें कठोर वाटतें. उलट पक्षीं हेंहि खरें कीं, होनोलुलूच्या लोकांनीं तिकीट घेतलें तें कंपनीचें नांव वाचून नव्हे. भिंतीवरील जाहिरातींत चेहरा होता तो त्याचा. नांव विकूं द्यावयाचें आणि नांवाची जोखीम दुसऱ्यावर ठेवावयाची, हें फार काळ साधत नाहीं. तरीपण ह्या दोन बाजूंपैकीं पहिलीचें पारडें थोडें जड ठेवावेंसें वाटतें. कारण चोविशींतल्या कलावंताला वरच्या तीन कड्यांचे कागद कोणी वाचावयास देत असेल, हें संभवनीय दिसत नाहीं.

आणि खरा राग रद्द होण्याचा नसतोच, तो कारण न कळण्याचा असतो. २०१७ सालीं कोरियाच्या विख्यात गायिका सुमी जो ह्यांचा चीनमधील ग्वांगझौ, बीजिंग व शांघाय येथील दौरा असाच कोलमडला. कोरियानें आपल्या भूमीवर अमेरिकेची क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा उभारूं दिल्याबद्दल चीनची नाराजी होती, हें उघड गुपित होतें. बाईंनीं दौरा रद्द झाल्याचें स्वतःच लोकांना कळविलें व खेद व्यक्त केला. त्यांच्या श्रोत्यांना निदान कोणाकडे पाहून निश्वास टाकावा हें तरी समजलें. लॉस एंजेलिसच्या दारांत उभ्या राहिलेल्या मुलींना तेंहि समजलें नव्हतें.

जी-हूननें २००७ मध्येंच जुन्या कंपनीचा निरोप घेऊन स्वतःची कंपनी काढली. अर्थात् त्यापुढें करारांवर सही करणारा तोच झाला. होनोलुलूचा निकाल लागला त्याच वर्षाच्या उत्तरार्धांत 'निन्जा असॅसिन' हा त्याचा इंग्रजी चित्रपट अमेरिकेंत लागला, आणि जे लोक त्याला रंगमंचावर पाहूं शकले नव्हते त्यांनीं त्याला पडद्यावर पाहिलें.