पाय टेकायचे नाहीत

वॉटरपोलोपटूच्या कारकिर्दीवर बोलायला मला बोलावलंय, पण आधीच सांगून ठेवतो, मी फिरून फिरून पायांवरच येणार.

आम्हा घाटकोपरकरांना हा खेळ समजावणं सोपं. सकाळची सीएसएमटीकडे जाणारी फास्ट लोकल आठवा. एक हात वर, शेजाऱ्याचं कोपर बरगडीत, आणि दारातल्याला अजून आत यायचंय. आता डब्याची जमीनच काढून घ्या! आठ-आठ मिनिटांची चार सत्रं तसेच अधांतरी राहा, आणि गोलरक्षक नसाल तर चेंडू एकाच हाताने झेला. पंचाला पाण्याखालचं फारसं दिसत नाही. तेव्हा तिथे काय काय चालतं, ते लोकलवाल्यांना मी काय सांगावं?

सचिन नाग हे नाव ऐकलंय? 1951 मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत त्यांनी 100 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं. जलतरणातलं आशियाई सुवर्ण आपल्याला त्यानंतर आजवर मिळालेलं नाही. वॉटरपोलोचंही सुवर्ण तेव्हा आपलंच. संघ मात्र दोनच होते, आपण आणि सिंगापूर, हेही सांगायला हवं. पण मला त्याआधीचं महत्त्वाचं वाटतं. 1947 मध्ये कलकत्त्यात पोलीस आणि जमावाच्या चकमकीत सापडून नागांच्या पायात गोळी शिरली. पायात! नुसता पोहणारा खांद्यांच्या जोरावर थोडंफार निभावून नेईल. वॉटरपोलोवाल्याचं भांडवलच पाय. आणि पुढच्याच वर्षी लंडन ऑलिम्पिकमध्ये वॉटरपोलोत आपण चिलीला 7-4 असं हरवलं, त्यात चार गोल नागांचे. त्या संघात आपल्या मुंबईचा आयझॅक मन्सूरही होता. 1952 ला तो हेलसिंकीलाही खेळला. किती मुंबईकरांना ठाऊक आहे? नाग 1987 मध्ये गेले. ध्यानचंद पुरस्कार त्यांना जाहीर झाला 2020 मध्ये, म्हणजे 33 वर्षांनी.

पुढे आशियाई स्पर्धांत वॉटरपोलोचं 1970 ला बँकॉकमध्ये रौप्य, 1982 ला दिल्लीत कांस्य. त्यानंतर... रेल्वे आणि सेनादलातल्या नोकऱ्यांनी हा खेळ कसा जगवला, तेही सांगायचं होतं. पण वेळ संपत आल्याच्या खुणा काचेपलीकडून सुरू झाल्यात.

तर पुन्हा पाय. पालक तलावाच्या काठावर बसून विचारतात, ‘किती लॅप मारतो हो आमचा?’ अहो, लॅप मोजू नका! काठ न धरता, तळाला पाय न लावता, दोन्ही हात पाण्याबाहेर काढून तो किती वेळ उभा राहतो, ते बघा. उभं पोहणं पक्कं नसलेला मुलगा या खेळात पहिल्याच सत्रात संपतो. मग खांदे कितीही रुंद असोत.

मुलुंडच्या प्रियदर्शिनी इंदिरा गांधी क्रीडासंकुलात किंवा चेंबूरच्या जनरल अरुणकुमार वैद्य तलावावर मुलांना घालणार असाल, तर प्रशिक्षकांना पहिल्याच दिवशी एवढं सांगा: आधी उभं पोहायला शिकवा. मुलींनाही शिकवा.