थांबा म्हणावे की परत जा म्हणावे?



संगणकाच्या आज्ञांना नावे कशी द्यावीत, हा विषय वसंत व्याख्यानमालेला जरा कोरडा वाटेल. म्हणून आपण पाण्यापासूनच सुरुवात करू. पालघर जिल्ह्यात, तलासरी तालुक्यात, झरी नावाचे गाव आहे. झरी म्हणजे लहानसा झरा. अशा झऱ्यावर उन्हाळ्यात पाणी वाटीवाटीने साचते आणि हंडे मात्र रांगेने येतात. आलेल्या बाईला तीनच उत्तरे देता येतात: आत्ता पाणी नाही, तुमची पाळी अमुक वेळाने, किंवा, उभ्या राहा, साचले की भरा.

संगणकाच्या दारावरही हेच चालते. २०२१ साली लशीसाठी ‘कोविन’वर झुंबड उडाली, तेव्हा बाहेरच्या प्रोग्रॅमांना एका इंटरनेट-पत्त्यावरून पाच मिनिटांत १०० विचारणांचीच मुभा होती. अशी मर्यादा राखण्यासाठी प्रोग्रॅमर तयार लायब्ररी वापरतात. ‘गो’ भाषेच्या लायब्ररीत तीन नावे आहेत: ‘अलाउ’, ‘रिझर्व्ह’, ‘वेट’. झऱ्यावरची तीन उत्तरेच ही! ‘वेट’ आम्हांला उत्तम वाटते. इथे खोळंबा होणार हे वाचताच कळते. ‘अलाउ’वर मात्र आमचा आक्षेप आहे. नाव ऐकून वाटते, नुसती चौकशी केली. प्रत्यक्षात ‘हो’ म्हणतानाच ते एक हंडा खर्ची टाकते. कोणी खात्रीसाठी दोनदा विचारले, तर दोन हंडे गेले.

गूगलच्या ‘ग्वाव्हा’ लायब्ररीत दुसरीच अडचण. तिथे ‘अ‍ॅक्वायर’ म्हणजे मिळेपर्यंत थांबणे, आणि ‘ट्राय-अ‍ॅक्वायर’ म्हणजे असेल तर घेणे, नसेल तर लगेच ‘नाही’ ऐकून परतणे. पहिल्या नावात थांबण्याचा शब्दच नाही. समजा, पहिल्याच्या जागी कोणी दुसरे लिहिले आणि ते ‘नाही’ वाचलेच नाही. प्रोग्रॅम बिनतक्रार चालतो. मर्यादा मात्र उरलेली नसते. मग गर्दीच्या दिवशी पलीकडचा संगणक कोलमडतो, आणि ज्याच्या मोबाइलला जेमतेम रेंज, त्याची पाळी आधी हुकते.

आम्ही असतो तर ‘मिळेपर्यंत थांब’ आणि ‘आत्ता असेल तर घे’ अशीच नावे दिली असती. लांब झाली अशी कुरकुर होईल, होऊ द्या. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी दुकानदार चार शब्दांत लावतोच, आणि गिऱ्हाईक पुन्हा विचारीत नाही. मात्र हे लायब्ररी बाहेर पडण्यापूर्वीच करावे. पुढे जुन्या नावावर इतरांचे प्रोग्रॅम उभे राहतात, आणि नवे दिले तरी जुने काही वर्षे शेजारी ठेवावेच लागते.