ऑक्टेन अंक आणि आपली मोटार
(लोकप्रतिनिधी, शिक्षक व अधिकारी यांच्या उद्बोधन वर्गात केलेले भाषण)



एके काळी गावात मोटार आली की मुले तिच्यामागे धावत. आज शिक्षक, शेतकरी, दुकानदार अशा अनेकांच्या दारी गाडी उभी असते. पेट्रोल पंपावर गेले की तेथील कर्मचारी विचारतो, "साधे घालू की प्रीमियम?" या प्रश्नाचे उत्तर बहुधा सवयीने किंवा भिडेने दिले जाते. महाग असेल ते चांगलेच असणार, ही समजूत त्यामागे असते. ती कितपत खरी आहे, हे पाहण्याचा आजचा हेतू आहे.

प्रथम ऑक्टेन अंक म्हणजे काय ते समजून घेऊ. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ व हवा यांचे मिश्रण दट्ट्याने दाबले जाते आणि योग्य क्षणी स्पार्क प्लगची ठिणगी पडून ते पेट घेते. ज्वाला एका बाजूने दुसऱ्या बाजूकडे क्रमाने पसरली, तर दट्ट्याला सारखा रेटा मिळतो. परंतु दाब व उष्णता वाढून, ज्वाला पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातील मिश्रण आपोआप पेटले, तर सिलिंडरमध्ये आघात होतो. घाट चढताना इंजिनातून येणारी टकटक ती हीच. ती दीर्घकाळ चालू राहिली, तर दट्ट्याला इजा पोहोचते.

असे अवेळी पेटण्यास विरोध करण्याची इंधनाची शक्ती ऑक्टेन अंकाने मोजतात. आयसो-ऑक्टेन या द्रव्याला १०० आणि हेप्टेन या द्रव्याला शून्य मानून ही मोजपट्टी आखलेली आहे. ९१ भाग आयसो-ऑक्टेन व ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतका विरोध जे पेट्रोल करते, त्याचा अंक ९१. तेव्हा हा अंक इंधनातील शक्तीचा नव्हे, शुद्धतेचाही नव्हे. तो केवळ संयमाचा अंक आहे.

यावरून निवडीचा नियम सरळ निघतो. ज्या इंजिनात मिश्रण अधिक दाबले जाते, किंवा ज्यात टर्बोद्वारे जादा हवा कोंबली जाते, त्याला अधिक ऑक्टेनची गरज असते. ज्याचा दाब बेताचा, त्याला बेताचा अंक पुरतो. गरजेपेक्षा कमी अंकाचे पेट्रोल घातल्यास टकटक सुरू होते. आधुनिक गाड्यांतील संवेदक ती ओळखून ठिणगीची वेळ मागे सरकवतात. इंजिन वाचते; मात्र जोर व मायलेज घटते. जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांत हे संरक्षण नसते. उलट, ज्या इंजिनाची रचना ९१ अंकासाठी आहे, त्यात १०० अंकाचे पेट्रोल घातल्याने सामान्यतः काहीही विशेष पदरात पडत नाही.

हा प्रश्न घरखर्चाचाही आहे. समजा, महिन्याला ४० लिटर पेट्रोल लागते आणि प्रीमियमचा दर लिटरमागे १० रुपयांनी जास्त आहे. म्हणजे महिन्याला ४०० व वर्षाला ४,८०० रुपये विनाकारण खर्च झाले. पंचायतीच्या वाहनाबाबत तर हा जनतेचा पैसा आहे.

मग गरज किती, हे कसे कळावे? गाडीसोबत मिळालेली पुस्तिका उघडावी, किंवा टाकीच्या झाकणाच्या आतील बाजूस पाहावे. तेथे किमान अंक दिलेला असतो. 'आवश्यक' आणि 'शिफारस' या शब्दांतील भेद ध्यानी घ्यावा : आवश्यक असलेला अंक पाळलाच पाहिजे, शिफारशीपेक्षा कमी, पण किमान मर्यादेतील पेट्रोल चालू शकते. अमेरिकेत राहणारे आप्त तेथे ८७ अंकाचे पेट्रोल घालतात, हे ऐकून गोंधळू नये. तेथील मोजणीची रीत वेगळी असून तो अंक आपल्याकडील सुमारे ९१ च्या बरोबरीचा आहे. डिझेलच्या वाहनास ऑक्टेन अंक लागू होत नाही.

आपल्या राज्याशी निगडित असलेली एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांनुसार साध्या पेट्रोलचा किमान अंक ९१ होता. उसापासूनही तयार होणाऱ्या इथेनॉलचा अंक १०० च्याही वर आहे. २०२५ साली देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले आणि साध्या पेट्रोलचा अंक ९५ पर्यंत पोहोचला. त्यामुळे केवळ अंकासाठी महाग पेट्रोल घेण्याचे कारण बहुसंख्य गाड्यांना उरलेले नाही. तथापि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असल्याने मायलेज थोडे घटते. शिवाय जुन्या गाडीच्या रबरी नळ्या व सील इथेनॉलला टिकतात की नाही, हा प्रश्न वेगळा. तो अधिकृत सेवा केंद्रात विचारून घ्यावा.

अंक वाढवण्याची किंमत एके काळी मुलाबाळांनी मोजली, हेही विसरता येत नाही. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली यांना शिशाचे एक संयुग टकटक थांबवते असे आढळले आणि जगभर ते पेट्रोलमध्ये मिसळले गेले. धुरातून बाहेर पडणारे शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक असते. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेरहित पेट्रोल सर्वत्र लागू झाले. जगातून मोटारींचे शिसेयुक्त पेट्रोल हद्दपार व्हावयास २०२१ साल उजाडले.

शेवटी दोन व्यवहारी सूचना. योग्य पेट्रोल घालूनही टकटक थांबत नसेल, तर आधी इंजिनातील काजळी, गरम होणे, ठिणगीची वेळ व चुकीचे प्लग तपासावेत. चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी रेटू नये. दुसरी सूचना भेसळीविषयी. रॉकेलचा ऑक्टेन अंक फारच कमी असल्याने त्याची भेसळ इंजिनाला मारक ठरते. पंपावर फिल्टर कागदाची चाचणी मागण्याचा आपणास अधिकार आहे. पेट्रोलचा थेंब उडून गेल्यावर कागदावर तेलकट डाग राहिला, तर संशयास जागा आहे. घनतेची नोंद पाहण्याचा आणि ५ लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून घेण्याचाही अधिकार आपणास आहे. शिक्षकांनी ही कागदाची चाचणी वर्गात तोंडी समजावून द्यावी आणि सदस्यांनी ग्रामसभेत या अधिकारांची माहिती द्यावी, अशी माझी विनंती आहे.

गाडीला तिच्या पुस्तिकेत सांगितलेला अंक द्यावा, त्याहून कमी नको आणि अधिकाचा सोसही नको.