तंजावरची मराठी आणि आपला रंगमंच

(हीरक महोत्सवी स्नेहसंमेलनाच्या सायंकाळी बेंगळूरु येथील रवींद्र कलाक्षेत्रात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



पडदा उघडण्यास अद्याप थोडा अवकाश आहे. आत रंगभूषा चालू आहे आणि मृदंग स्वरात लावण्याचे काम मघापासून संपलेले नाही. तेवढ्या वेळात एक कबुली द्यावी, म्हणून उभी राहिले आहे.

रवींद्रनाथ ठाकुरांच्या जन्मशताब्दीनिमित्त उभारलेले हे कलाक्षेत्र १९६३ मध्ये खुले झाले. वयाने ते आपल्या शाळेचे भावंडच. येथे भरतनाट्यम् होते, यक्षगान होते, कन्नड नाटके होतात. आपण मराठी मंडळी येतो, मनापासून दाद देतो आणि परतताना म्हणतो, ‘छान झाले, पण ते त्यांचे.’ आपले म्हणजे नाट्यसंगीत. (त्यातही गंमत अशी की, संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ मध्ये जन्मले ते बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरला, आणि त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांपासून प्रेरणा घेऊन. पण तो विषय आज बाजूला ठेवते.)

काही वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनासाठी आम्ही नांदी बसवत होतो. सातवीतील एका मुलीचा आवाज फार गोड होता. तिचे घराणे तंजावरचे. पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहूनही घरात मराठीच बोलणारे. मात्र त्या मराठीला तमिळ हेल होता आणि तिच्यात असे शब्द होते, जे आपल्याला आता जुन्या बखरींतच भेटतात. ती बोलू लागली की वर्गात खसखस पिके. मी ती थांबवली नाही. उलट तिला जवळ घेऊन म्हणाले, “बाळ, तुझी मराठी जरा सुधारली की पुढच्या वर्षी तूच पुढे उभी राहा,” आणि तिला शेवटच्या रांगेत उभे केले. ती “बरं बाई” म्हणाली. पुढच्या वर्षी तिने गायनासाठी नावच दिले नाही. मी त्याचे कारणही विचारले नाही.

ती शाळा सोडून गेल्यावर एका सायंकाळी मल्लेश्वरमच्या चौडय्या स्मारक सभागृहात भरतनाट्यम् पाहण्याचा योग आला. व्हायोलिनच्या आकाराची ती वास्तू आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. मध्यंतरानंतर गायिकेने एक रचना आरंभिली आणि माझ्या ध्यानात आले की, शब्द कळण्यासाठी मला कानांना ताण द्यावा लागत नाही. ती मराठी होती! तंजावरचे दुसरे सरफोजीराजे यांनी रचलेले ते ‘निरूपण’ होते. एकच कथा, एकच राग, एकच ताल. आणि त्यांत नृत्याचे एकामागून एक प्रकार गुंफलेले. पण मी खुर्चीत खिळले ते वेगळ्याच कारणाने. त्या शब्दांचे वळण त्या मुलीच्या बोलण्याचे होते.

घरी येऊन पुस्तके काढली. शहाजीराजांकडे बेंगळूरु जहागीर म्हणून आले ते १६३८ मध्ये. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे १६७५ च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसले. व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठी नाटक लिहिले, तेव्हा भाव्यांच्या ‘सीतास्वयंवरा’ला जवळजवळ दीड शतकाचा अवकाश होता. पुढे सरफोजींच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार बंधू होते. अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंतचा जो क्रम आज जयनगरच्या गल्लीगल्लीत मुली शिकतात, तो लावण्याचे श्रेय या चौघांना दिले जाते. त्यांतील चिन्नय्या नंतर म्हैसूरच्या दरबारी आले. म्हणून भरतनाट्यम् मराठी आहे, असे कोणी म्हणू नये. त्याचा प्राण तमिळ आणि तेलुगू पदांत आहे. परंतु त्या घरात आपली भाषाही नांदत होती आणि ती पाहुणी म्हणून नव्हे. मी जिला शेवटच्या रांगेत उभे केले, ती मुलगी त्या घरची भाषा बोलत होती, आणि मी तिला सुधारायला निघाले होते.

सरफोजींची आणखी एक रचना तर शिक्षिका म्हणून मला वेड लावून गेली: ‘देवेंद्र कुरवंजी’. कुरवंजी हा तमिळ नृत्यनाट्याचा प्रकार. त्यात डोंगरातील भविष्य सांगणारी स्त्री येते आणि विरहिणी नायिकेचा हात पाहते. राजांनी तो साचा घेतला, भाषा मराठी घेतली आणि कुरवंजीच्या तोंडी घातला जगाचा भूगोल! इंद्राणीपुढे ती खंडे आणि देश गाऊन सांगते. नकाशावर छडी ठेवून मुलांकडून खंडांची नावे पाठ करून घेण्यात माझी तीस वर्षे गेली. हे कधी सुचले नाही.

या वर्षी त्यातला काही भाग मुलांकडून बसवून घ्यायचे ठरले, तेव्हा मी त्या मुलीचा शोध घेतला. ती आता स्वतः नृत्य शिकवते. दूरध्वनीवर आधी क्षमा मागितली. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “बाई, मला ते आठवतं.” ‘विसरले’ म्हणाली असती, तर मला सोपे गेले असते. मग तिने विचारले, “उच्चार कोणता धरायचा? पुस्तकातला की माझ्या आजीचा?” मी म्हटले, आजीचा.

गेले दोन महिने दर शनिवारी ती शाळेत येत आहे. पुण्या-सांगलीकडची मराठी घरी बोलणाऱ्या आपल्या मुलांची जीभ त्या शब्दांवर अडखळते आणि आता खसखस पिकते ती त्यांच्यावर. तिने ती पहिल्याच दिवशी थांबवली. मुलांना तिने रांगांत नव्हे, अर्धवर्तुळात उभे केले आहे. ध्वनिमुद्रित संगीत नाही. गाणारी, झांज धरणारी आणि मृदंग वाजवणारी मंडळी रंगमंचाच्या कडेला आपल्यासमोर बसतील. भ्रमणध्वनी कृपया बंद ठेवावेत, आणि आपले मूल समोर आले तरी चित्रीकरणासाठी उभे राहू नये. मागे आजी-आजोबा बसले आहेत.

मृदंग लागलेला दिसतो. मी बसते.