पेठेची पत आणि पक्के बिल
(सुवर्ण महोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



यवतमाळ जिल्ह्यातील पेठेचे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होते. पहिल्या सरी कोसळल्या की शेतकरी बियाणे, खत आणि औषध उधारीवर उचलतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस घरात येतो. कापसाचा चुकारा हाती पडला म्हणजे कृषी केंद्राची बाकी फिटते, आणि उरलेला रुपया किराणा, कापड, भांडी, सराफा असा पेठेत फिरू लागतो. यवतमाळ असो, वणी, पुसद, दारव्हा, दिग्रस किंवा पांढरकवडा असो, कपाशीला बोंड धरले नाही तर लग्नसराईतही कापडाचे ताके उलगडले जात नाहीत. शेतकऱ्याचे नुकसान ते पेठेचे नुकसान, हे या जिल्ह्याचे पहिले अर्थशास्त्र होय.

या अर्थशास्त्राला शंभरहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर हा ‘शकुंतला’चा अरुंद लोहमार्ग १९०३ मध्ये सुरू झाला तो मुख्यतः कापूस वाहण्यासाठी. वऱ्हाडची रुई मुंबईमार्गे विलायतेस जाई आणि गिरण्यांचे कापड परत याच पेठांत विक्रीस येई. ज्या मँचेस्टर शहराचे नाव कापडाशी जोडलेले, तेथेच १९२१ मध्ये बनलेल्या वाफेच्या इंजिनाने ही गाडी १९२३ पासून एप्रिल १९९४ पर्यंत ओढली. पुढे यवतमाळजवळ लोहारा औद्योगिक वसाहतीत डेनिम कापडाचा कारखाना उभा राहिला. तरीही जिल्ह्यातील बराचसा कापूस आजही गाठींच्या रूपानेच बाहेर जातो. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, म्हणजे १७० किलोच्या एका गाठीस सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. सूत, कापड आणि शिलाई यांतून वाढणारे मोल दुसऱ्या गावांच्या वाट्याला जाते. येथे मागे राहतो तो कापसाचा चुकारा आणि त्यावर चालणारी लहान दुकाने. म्हणूनच हा चुकारा कसा खर्च होतो, त्यातून शेतकऱ्याला काय मिळते आणि काय गमवावे लागते, हा प्रश्न प्रत्येक व्यापाऱ्याच्या गल्ल्याशी निगडित आहे.

पूर्वी या व्यवहाराचा आधार तोंडी शब्द होता. दुकानदार गिऱ्हाइकाच्या आजोबांना ओळखत असे, गिऱ्हाईक दुकानदाराच्या वहीवर डोळे मिटून विश्वास ठेवी. ती पत खरी होती, तिचा गौरव केलाच पाहिजे. परंतु त्या काळी माल साधा होता. आज बियाण्याच्या पाकिटात काय आहे हे विक्रेत्यालाही पाहता येत नाही, आणि औषधाच्या बाटलीतील विषाची तीव्रता शब्दावरून कळत नाही.

याचा सर्वांत दुःखद धडा याच जिल्ह्याने घेतला. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. पुरुषभर उंच वाढलेली कपाशी, संरक्षक साधनांचा अभाव आणि अनेक औषधांचे मिश्रण, अशी अनेक कारणे पुढे आली. कोणते औषध कशात मिसळावे हे पुष्कळ ठिकाणी दुकानाच्या फळीवर तोंडीच ठरत होते. विक्रेत्याच्या एका वाक्याचे वजन किती असते, हे त्या वर्षी समजले. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने उभे पीक पोखरले. भरपाईसाठी तक्रार करण्याची वेळ आली तेव्हा पहिला प्रश्न विचारला गेला, ‘बियाणे खरेदीची पावती आहे काय?’ ज्यांच्याजवळ ती नव्हती त्यांचे नुकसान खरे असूनही दावा दुबळा ठरत होता.

येथेच पक्क्या बिलाचे महत्त्व स्पष्ट होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात निर्णय दिला की, सदोष बियाण्यामुळे नुकसान झालेला शेतकरी हा ‘ग्राहक’ असून तो ग्राहक मंचाकडे दाद मागू शकतो. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. या कायद्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात नमूद मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास तीस दिवसांत परत घेण्यास नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी अनेक दुकानांत आजही झळकते. सदोष मालाच्या बाबतीत तिला कायद्याचा आधार नाही, आणि धर्माचा तर नाहीच नाही.

श्रावकाच्या अणुव्रतांचे अतिचार येथे स्मरावेत. अचौर्य व्रताच्या अतिचारांत हीनाधिक मानोन्मान, म्हणजे घेताना एक माप व देताना दुसरे, आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सलाच्या नावाखाली नक्कल विकणे, यांची गणना होते. सत्य व्रताच्या अतिचारांत कूटलेख, म्हणजे खोटा लेख, येतो. कापसाच्या काट्यावर अवाजवी कडता कापणे पहिल्यात बसते, बनावट बियाण्याचे पाकीट दुसऱ्यात आणि कच्च्या चिठ्ठीचा व्यवहार तिसऱ्याच्या अगदी जवळ जातो. ‘पक्के बिल हवे असेल तर जीएसटी वेगळा पडेल’ हे वाक्य पेठेत इतके रुळले आहे की त्यात काही वावगे आहे असे बोलणाऱ्यालाही वाटत नाही. संवत्सरीला मागितलेली क्षमा आणि फळीवर उच्चारलेले हे वाक्य यांचा मेळ प्रत्येकाने स्वतःच घालून पाहावा.

बिल हे केवळ ग्राहकाचे शस्त्र आहे, अशी व्यापाऱ्यांची समजूत असते. वस्तुतः ते दुकानदाराचेही कवच आहे. सदोष मालाची जबाबदारी उत्पादकाकडे वळवायची तर खरेदी आणि विक्री या दोन्हींची कागदपत्रे लागतात. दुसऱ्या दुकानातील माल आणून कोणी खोटी तक्रार केली तर बिलच खरे-खोटे सांगते. ज्या मुलांना उद्या हे दुकान चालवायचे आहे, त्यांना बँकेचे कर्ज मिळवताना वडिलांच्या चांगुलपणाची आठवण सादर करता येत नाही, हिशेबाची वही सादर करता येते.

ग्राहकांसाठीही काही गोष्टी आवर्जून सांगण्यासारख्या आहेत. बियाणे घेताना बिलावर वाण आणि लॉट क्रमांक लिहून घ्यावा, रिकामे पाकीट, त्यावरील टॅग व थोडे बियाणे पीक निघेपर्यंत जपून ठेवावे. औषधाच्या डब्यावरील त्रिकोण पाहावा. लाल त्रिकोण सर्वाधिक विषारी, त्याखालोखाल पिवळा, निळा आणि हिरवा. तयार कपड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रति नग २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के व त्यापुढे १८ टक्के जीएसटी आहे, तो बिलावर तपासावा. कंपोझिशन योजनेतील दुकानदाराला ग्राहकाकडून वेगळा जीएसटी आकारता येत नाही, हेही माहीत असावे.

उधारीचे गणित तर प्रत्येक घरात कागदावर मांडले जावे. शेकडा तीन रुपये महिना हा दर ऐकायला लहान वाटतो, पण वर्षाचा तो ३६ टक्के होतो. मृगात उचललेल्या ५०,००० रुपयांवर आठ महिन्यांत १२,००० रुपये व्याज चढते. याउलट तीन लाखांपर्यंतचे बँकेचे पीक कर्ज वेळेवर फेडणाऱ्यास ४ टक्के दराने पडते आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तेही व्याज माफ होते. थकबाकीमुळे ज्यांना बँकेचे दार बंद आहे, त्यांना पुन्हा त्या दारापर्यंत नेण्यास हात देणे हे साधर्मिक भक्तीइतकेच पुण्याचे काम आहे.

फसवणूक झालीच तर प्रथम दुकानदारास लेखी कळवावे. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर किंवा दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणास शुल्क नाही, वकील असलाच पाहिजे असेही नाही, आणि माल ऑनलाइन कोठूनही मागविलेला असो, तक्रार स्वतःच्या जिल्ह्यात करता येते.

ऑनलाइन व्यापाराच्या नावाने पेठेत आज मोठी ओरड आहे. तिथे दर कमी असेल, परंतु तेथून कपडा घेणाऱ्याला बिल आपोआप मिळते आणि न पटलेला माल बहुधा विनातक्रार परत जातो. ज्या दोन गोष्टींनी गिऱ्हाईक तिकडे वळले, त्या दोन्ही स्थानिक दुकानदाराला उद्यापासून देता येण्यासारख्या आहेत. उलट, चुकारा लांबला असता चार दिवस थांबण्याची आणि मुलीच्या लग्नाचा बस्ता घरच्यासारखा बांधून देण्याची आपुलकी त्या दूरच्या गोदामाजवळ नाही. आपुलकीला पावतीची जोड मिळाली तर ही पेठ टिकेल.

संस्थेने पन्नास वर्षे हिशेब चोख ठेवला म्हणूनच आजचा सुवर्ण महोत्सव साजरा होत आहे. देणगीचा प्रत्येक रुपया पावतीने घेणाऱ्या समाजाने विक्रीचा प्रत्येक रुपयाही पावतीनेच घ्यावा. येत्या दिवाळीला वहीपूजन होईल, तेव्हा नव्या वहीशेजारी नवे बिलबुकही पूजेला ठेवावे आणि ती जुनी पाटी त्याच दिवशी भिंतीवरून उतरवावी.

जय जिनेंद्र!